दिव्यांची विद्या

मुलामुलींनी कोणते शिक्षण घ्यावे, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत काही नवा नाही. परंतु पूर्वी त्याची उत्तरे बहुधा ठरलेली असत. वैद्यक, स्थापत्य, वकिली, अध्यापन, सरकारी नोकरी आणि अलीकडे संगणक, अशा पाच-सहा दारांपैकी कोणत्या दाराने आत शिरावयाचे, एवढाच काय तो वाद. ज्या दारावर पाटीच नाही अशा दाराकडे घरातील एखादे मूल बोट दाखवू लागले, म्हणजे मात्र वडीलधाऱ्यांची त्रेधा उडते. नाही म्हणावे तर सांगण्याजोगे कारण सापडत नाही, आणि होय म्हणावे तर पुढचा अदमास लागत नाही. निमगाव सावा येथील आमच्या घरात गेल्या वर्षी असाच प्रसंग आला. त्या निमित्ताने जो विचार झाला तो आमच्या एका घरापुरता नाही, असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्यातील गाव. आमचे कुटुंब एकत्र आहे. म्हणजे सर्व माणसे एका छपराखाली राहतात असे नव्हे. कोणी पुण्यास, कोणी ठाण्यास नोकरीनिमित्त असतात. परंतु शेती एक, देवघर एक, आणि शिक्षण, लग्नकार्ये व आजारपणे यांचा खर्च एकाच पेटीतून होतो. माझ्या धाकट्या दिरांची कन्या पुण्यास विद्युत् अभियांत्रिकी शिकत होती. महाविद्यालयात असताना फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेकरिता तिच्या संघाने बसविलेल्या एकांकिकेचे दिवे तिने सांभाळले, आणि तेव्हापासून तिचे चित्त त्या दिव्यांतच राहिले. अभ्यासाकडे तिने दुर्लक्ष केले नाही. पदवी चांगल्या रीतीने मिळविली. परंतु पदवी हाती पडल्यावर नोकरीचे नाव न काढता तिने सांगितले, की आपणास रंगभूमीवरील प्रकाशयोजनेचे उच्च शिक्षण घ्यावयाचे आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले आहे. फीपैकी निम्मी माफ आहे, उरलेली निम्मी आणि तीन वर्षांच्या राहण्याजेवणाचा खर्च मात्र आपला. आणि होकार की नकार हे १५ एप्रिलपर्यंत कळवावयाचे आहे.

अर्ज करण्याविषयी तिने मला आधी विचारले होते व मी तिला उत्तेजनच दिले होते. त्यामुळे पाडव्याच्या सुटीत सर्व मंडळी गावी जमली, तेव्हा पहिले काही बाण माझ्याच रोखाने आले. यजमान म्हणाले, "दिवा लावावयास आणि मालवावयास विद्यापीठात कशाला जावयास हवे?" मधल्या भावजींना विनोदाची आवड. ते म्हणाले, "प्रकाशाचाच अभ्यास करावयाचा तर अमेरिका कशाला? आपले खोडद काय वाईट आहे?" खोडद हे आमच्याच तालुक्यातील गाव. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या त्या परिसरात दूरवर पसरल्या आहेत आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपीत असतात. मुलगी हसून म्हणाली, "मधले काका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मला दिसणाऱ्या प्रकाशाचे काम करावयाचे आहे." सर्व हसले, आणि वाद निदान गोडीत सुरू झाला.

सासूबाईंचे बोलणे मात्र विनोदाने टाळण्यासारखे नव्हते. त्या म्हणाल्या, "नारायणगाव आपल्याला काही लांब नाही. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावची माणसे तेथे येऊन तमाशाच्या सुपाऱ्या देतात, हे मी लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून ऐकते आहे. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातचा मान मिळाला. आणि उतारवयात त्यांना दिवस कसे काढावे लागले, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कलेला कमीपणा म्हणून मी बोलत नाही. टाळ्या वाजविणारा माणूस घरी जातो, एवढेच मला ठाऊक आहे." विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली निवर्तल्या, आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु सासूबाईंचा मुद्दा पुरस्काराने मिटणारा नव्हता.

या विद्येविषयी घरातील बहुतेकांची कल्पना पुसटच होती. म्हणून ती आहे तरी काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले ते १८८० साली. त्याच्या पुढल्याच वर्षी लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले आणि नाट्यगृहात वीज आली. त्यापूर्वी तेल, मेणबत्त्या आणि गॅस, एवढीच साधने. आमच्याकडेही मशाली, तेलाचे दिवे व पुढे गॅसच्या बत्त्या. तोवर दिव्याचे काम एकच, नट दिसावयास हवा. वीज आल्यावर दिवा हवा तेथे टांगता येऊ लागला, मंद वा प्रखर करता येऊ लागला, आणि तेव्हा कोठे असा प्रश्न उद्भवला, की नट केवळ दिसावा की कसा दिसावा? स्वित्झर्लंडच्या ॲडॉल्फ आपिया याने छायेचे महत्त्व ओळखले. सगळीकडे सारखाच उजेड पडला तर आकारच नाहीसा होतो, हे त्याचे म्हणणे. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅककँडलेस याने हा विषय वर्गात शिकविण्याजोगा केला आणि १९३२ साली त्यावर पद्धतशीर पुस्तक लिहिले. प्रकाशाची तीव्रता, त्याचा रंग, त्याची विभागणी आणि त्याची गती या चार गोष्टी आपल्या हाती आहेत. त्यांच्या मेळाने प्रसंगाचा भाव उभा करावयाचा, असे त्याचे सूत्र आहे.

हे सर्व ऐकून घरातील मंडळींचे समाधान झाले नाही, व व्हावयाचेही नव्हते. तेव्हा मुलीने एक गोष्ट केली. भर दुपारी माजघराची दारेखिडक्या लावून घेतल्या, सासूबाईंना खुर्चीवर बसविले आणि बॅटरीचे दोन-तीन दिवे घेऊन आम्हां सर्वांना समोर बसावयास सांगितले. प्रथम तिने दिवा खालून, हनुवटीच्या बाजूने धरला. सासूबाईंचा चेहरा इतका उग्र दिसू लागला, की लहान मुले आईच्या पदराआड गेली. मग दिवा अगदी समोर धरला. चेहरा स्वच्छ दिसला, परंतु सपाट. आधारकार्डावरील छायाचित्रात आपण सर्व जसे दिसतो तसा. मग एकाच बाजूने. तेव्हा अर्धा चेहरा काळोखात गेला व त्यांच्या मनात काही दुःख दडले आहे की काय, असे वाटू लागले. शेवटी तिने भावंडांच्या हाती एकेक दिवा दिला. एक उजवीकडून वरून तिरपा, त्यापुढे पिवळसर कागद. दुसरा डावीकडून तसाच तिरपा, त्यापुढे निळसर कागद. आणि तिसरा स्वतः पाठीमागे स्टुलावर उभी राहून वरून धरला. सासूबाई काही केल्या हलल्या नव्हत्या, त्यांच्या मुद्रेतही फरक नव्हता. परंतु आम्ही इतकी वर्षे पाहात आलो तो चेहरा, प्रत्येक सुरकुतीसह, पांढऱ्या केसांच्या कडेसह, माजघराच्या अंधारातून वेगळा होऊन समोर आला. कोणी बोलेना. सासूबाईच म्हणाल्या, "काय दिसते ते मलाही सांगा." तेव्हा यजमान म्हणाले, "आई दिसते." एवढे बोलून त्यांनी स्वतःच उठून खिडक्या उघडल्या.

दिवा लावणे आणि मालविणे यापलीकडे या विद्येत काही आहे, याविषयी त्यानंतर घरात शंका उरली नाही. परंतु एखादी विद्या खरी आहे, म्हणून ती कोणत्याही किमतीस घ्यावी असे होत नाही. येथून पुढे जो विचार झाला तोच माझ्या मते महत्त्वाचा आहे.

पहिला प्रश्न असा, की हे शिक्षण शाळेत जाऊनच मिळते काय? भारतात या कलेत सर्वांत मोठे नाव तापस सेन यांचे. कलकत्त्यास १९५९ साली उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरते आणि कामगार बुडतात, हा देखावा त्यांनी केवळ प्रकाशाच्या साह्याने उभा केला. ते कोणत्याही नाट्यशाळेचे पदवीधर नव्हते. मराठी व्यावसायिक रंगभूमीवरही कित्येकांची शाळा म्हणजे शिडी, दोरी आणि एखादा जाणता माणूस. दुसऱ्या पक्षी अमेरिकेत जीन रोझेंथल हिने येल येथे मॅककँडलेसच्या हाताखाली शिक्षण घेतले, आणि प्रकाशयोजना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्या देशात प्रतिष्ठित करण्यात तिचा मोठा वाटा आहे. ज्यांना मुलीने शिडीवर चढून दिवे बांधावेत हे चमत्कारिक वाटते, त्यांनी लक्षात ठेवावे, की 'वेस्ट साइड स्टोरी' या १९५७ सालच्या विख्यात संगीतिकेचे दिवे एका स्त्रीनेच योजिले होते. परंतु ही रोझेंथलही शाळेत जाण्यापूर्वी नर्तकी मार्था ग्रॅहम हिची साहाय्यक म्हणून काम करीत होती. म्हणजे हात आधी तयार झाला व शास्त्र मागून आले. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचीही रीत तीच. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विद्यार्थ्यास तेथे शिष्यवृत्ती मिळते. परंतु उमेदवार पदवीधर असून भागत नाही, त्याने निदान सहा नाटकांत काम केलेले असावे, अशी अट आहे. आमच्या मुलीच्या नावावर अवघ्या तीन एकांकिका होत्या.

दुसरा प्रश्न पैशाचा, व तो संकोच न करता बोललाच पाहिजे. या धंद्यात प्रत्येक प्रयोगाच्या मोबदल्यास 'नाईट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट मिळते, न झाला तर नाही. योजनाकारास निर्मात्याकडून नाटक बसविताना एक रक्कम मिळते, परंतु वर्षात अशी नाटके किती मिळतील याची शाश्वती नसते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे नाट्यगृहे बंद झाली; मध्यंतरी काही महिने निम्म्या प्रेक्षकांवर उघडली आणि पुन्हा मिटली; ती पुन्हा खुली झाली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्या दीड वर्षात पडद्यामागील माणसांनी काय सोसले, हे नाट्यरसिकांस सांगावयास नको. आता ज्या विद्येपासून मिळणारे उत्पन्न असे अनिश्चित, तिच्यासाठी शेत गहाण ठेवून परदेशचे कर्ज काढले, तर पुढे काय होईल? दर महिन्याचा हप्ता काही नाईटची वाट पाहात थांबत नाही. मग ती मुलगी लग्नाच्या मंडपात रंगीत दिवे लावील, मोठ्या कंपन्यांचे समारंभ उजळील, कारण तेथे पैसा रोख मिळतो. त्या कामात कमीपणा नाही. परंतु ज्या नाटकासाठी तिने हा मार्ग धरला ते नाटक करण्यास तिला सवड राहणार नाही. तेथेच राहून कर्ज फेडावे म्हटले, तर कलाशाखेच्या विद्यार्थ्यास शिक्षणानंतर नोकरीची मुभा प्रायः एका वर्षाची. सारांश, काही विद्या अशा आहेत, की त्या कर्जाने घेतल्या तर ज्या कामासाठी घ्यावयाच्या तेच काम ते कर्ज करू देत नाही. हा विचार मी मांडला तेव्हा, मुलीची बाजू घेणारी मीच उलटले की काय, अशा नजरेने जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले.

मुलगी तोवर शांतपणे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "काकू, हे सारे मला पटते. पण दादाच्या वेळी अशी बैठक बसली नव्हती."

हे खरे होते. तिच्या चुलत भावास अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी परदेशी पाठविले, तेव्हा पेटीतून रक्कम निघाली, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज निघाले, आणि उसाच्या शेताच्या कागदावर सह्या झाल्या त्या एका संध्याकाळात. मधल्या भावजींनी उत्तर दिले, की त्या विद्येचे उत्पन्न ठाऊक होते, आणि त्याने कर्ज फेडलेही. तेही खरे. परंतु दोन खरी उत्तरे एकमेकांसमोर उभी राहिली, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांपैकी सोयीचे तेवढे उचलू नये. कर्ज न काढण्याचे कारण त्या विद्येत आहे. मुलीला पेटीतून काही न देण्याचे कारण मात्र त्या विद्येत नाही. बाजारात अमुक विद्येस भाव कमी आहे, एवढ्यावरून घरातही तिचा वाटा कमी करावयाचा, तर एकत्र कुटुंबाची पेटी आणि सावकाराची पेटी यांत अंतर ते काय राहिले? एकत्र कुटुंबात राहून आपण पुष्कळ स्वातंत्र्य गमावतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याच्या बदल्यात ते कुटुंब जे देऊ शकते ते हेच, की एकट्या आईबापांस जो धोका पत्करता येत नाही, तो दहा जणांनी मिळून पत्करावा. ते तर झाले पाहिजे.

दोन दिवसांनी जे ठरले ते असे. भावाच्या शिक्षणासाठी सामाईक पेटीतून जेवढी रक्कम दिली होती, तेवढीच मुलीच्या नावे मुदतठेवीत ठेवावी. ती तिची, परत मागावयाची नाही. शेतीवर कर्ज काढावयाचे नाही. तिने दोन वर्षे पुण्यास आत्याकडे राहून एखाद्या अनुभवी प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली काम करावे. त्यानंतर इच्छा तशीच राहिली, तर अशा ठिकाणी अर्ज करावे जेथे फी नाही अथवा शिष्यवृत्ती आहे. दिल्लीची शाळा एक; पुणे विद्यापीठाचे, १९८७ साली सुरू झालेले ललित कला केंद्र दुसरे, कारण तेथील खर्च आपल्या आवाक्यातील आहे; आणि परदेशीच जावयाचे तर येल, कारण एका मोठ्या देणगीमुळे २०२१ सालापासून तेथील नाट्यशाळेत कोणाही विद्यार्थ्याकडून शिक्षणाची फी घेतली जात नाही. तेथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण, हे खरे. परंतु कठीण प्रवेश आणि कठीण कर्ज यांपैकी पहिले बरे. न मिळाला तर मनुष्याचे एक वर्ष जाते. दुसऱ्याने दहा जातात.

सासूबाईंनी आपली एक अट घातली. आम्हांस वाटले, लग्नाविषयी काही असेल. आणि ती लग्नाविषयीच निघाली, परंतु उलट्या बाजूने. "या दोन वर्षांत कोणी हिच्यापुढे स्थळाचा विषय काढावयाचा नाही. एक काम धड शिकू द्या," असे म्हणून त्या पूजेला उठल्या.

त्या विद्यापीठास नकार कळविण्याचे पत्र मुलीने स्वतः लिहिले. ते लिहिताना तिला वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. हाती आलेले दार आपल्या हाताने लोटणे कोणत्या वयात सोपे असते? "पुन्हा नाही मिळाले तर?" असे तिने मला विचारले. त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते, व खोटा धीर देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी एवढेच म्हटले, की शाळेत जे मिळते ते मोठे आहे: तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा धाक नसताना चुकावयाची मोकळीक, दिव्यांचा आराखडा कागदावर मांडण्याची शिस्त, आणि जन्मभर पुरणारे सहाध्यायी. ते सोडून दे असे कोणी म्हणत नाही. ते घ्यावयास जाताना पाठीवर ओझे असू नये, इतकेच.

आता ती कामास लागून वर्ष होत आले. दुपारी नाट्यगृहात शिरावयाचे, तेथे किती डिमर चालू आहेत ते पाहावयाचे, स्पॉट बांधावयाचे, जिलेटीनचे कागद लावावयाचे, प्रयोग संपताच सर्व उतरवून गाडीत भरावयाचे आणि पहाटे दुसऱ्या गावी पोहोचावयाचे, असा तिचा क्रम आहे. एका गावी असलेले दिवे दुसऱ्या गावी नसतात. तेव्हा दहा दिव्यांचा देखावा सहांत कसा उभा करावयाचा, हे तिला रोज शिकावे लागते. ती पुढे दिल्लीस जाईल, पुण्यासच राहील की येलला अर्ज करील, हे अजून ठरलेले नाही. मध्यंतरी तिने एकदा असेही लिहिले, की संग्रहालयांतील व जुन्या वास्तूंतील प्रकाशयोजना हेही पोटापुरते व आवडीचे काम होऊ शकेल. मला ते पत्र वाचून समाधान वाटले, कारण ते पत्र स्वप्न पाहणाऱ्या मुलीचे नव्हते. काम करणाऱ्या बाईचे होते.

ज्या घरांत असा प्रश्न आज ना उद्या येईल, त्यांस माझे सांगणे थोडेच आहे. मुलगा वा मुलगी अपरिचित विद्येचे नाव घेऊ लागली, तर प्रथम ती विद्या काय आहे हे तिच्याकडूनच समजून घ्यावे; एखादी दुपार त्यासाठी मोडावी. मग त्या विद्येचा हात तिने आधी बसविला आहे काय, हे पाहावे. पैशाचा हिशेब लाजून टाळू नये, परंतु तो हिशेब सर्व मुलांस एकाच मापाने करावा. आणि देता येईल ते देणगी म्हणून द्यावे, कर्ज म्हणून नव्हे. कारण घरचे कर्ज बँकेच्या कर्जापेक्षाही फेडावयास अवघड असते.